राजूरचा उन्हाळा

गेल्या वर्षी मार्च संपता संपता मी कामानिमित्त अकोले तालुक्यातील राजूर गावी राहायला गेले आणि पहिला पाऊस पडेपर्यंत तिथेच राहिले. आसपासच्या वाड्यांमधील झरे आणि विहिरी यांच्या नोंदी घेणे हे माझे काम होते. शुक्रवारी रात्रीपर्यंत नाशिकहून दोघी आणि पुण्याहून एक मैत्रीण एसटीने येत आणि पुढचे दोन दिवस आम्ही चौघी डोंगरात असू. सह्याद्रीत फिरावे ते पावसाळ्यात, असे मीही तोवर मानत आले होते. आता मानत नाही.

पावसाळ्यात डोंगर गवताने आणि धुक्याने झाकलेला असतो. एप्रिलमध्ये गवत वाळून जाते आणि कातळ उघडा पडतो. पहिल्याच शनिवारी आम्ही पहाटे चार वाजता बारी गावातून कळसूबाईची वाट धरली. लोखंडी शिड्यांपाशी पोहोचलो तेव्हा फटफटले होते. १६४६ मीटर उंचीच्या, म्हणजे राज्यातील सर्वांत उंच, माथ्यावर देवीच्या लहानशा मंदिराशी टेकून बसलो, तर समोर अलंग, मदन आणि कुलंग या तिन्ही किल्ल्यांच्या अंगावरचे आडवे थर एखाद्या वहीच्या पानांसारखे मोजता येत होते. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सह्याद्री घडला, हे शाळेत पाठ केलेले वाक्य मला त्या सकाळी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. उन्हे तापण्याच्या आत उतरायचे असल्यामुळे फार वेळ मात्र थांबता आले नाही, कारण दहानंतर त्या शिड्यांच्या कठड्याला हात लावणेही अवघड होते.

साम्रदची सांदण घळ पाहायची तर कोरड्या दिवसांतच, कारण पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा लोंढा वाहतो. आम्ही मेच्या सुरुवातीला उतरलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये दगडांचा खच आणि वर आभाळाची अरुंद पट्टी. बाहेर रणरणते ऊन असूनही आत गारवा होता.

या सगळ्या भटकंतीत सर्वाधिक लक्षात राहिले ते हरिश्चंद्रगडावरचे केदारेश्वर. पाचनईच्या वाटेने आम्ही घामाने निथळत वर पोहोचलो होतो. गुहेत मोठे शिवलिंग आहे, त्याच्याभोवती पाणी आहे आणि चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. प्रदक्षिणा घालायची तर त्या पाण्यातूनच चालावे लागते. मी पाय टाकला आणि थंडीने पोटऱ्या बधिर झाल्या. भर मेमध्ये, सगळा डोंगर भाजत असताना, हे पाणी इतके गार कसे राहते, यावर आम्ही बाहेर येऊन बराच वेळ बोललो. संध्याकाळी कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून खाली पाहिले, तर दरीतून वर येणारा वारा तोंडावर आदळत होता.

पण पाणी सगळीकडे असे नव्हते. रतनगडाकडे जाताना एका वाडीजवळच्या झऱ्यावर एक आजी बसल्या होत्या. खडकाच्या खोबणीत ओंजळभर पाणी साचले की त्या ते वाटीने उचलून हंड्यात ओतत आणि पुन्हा साचण्याची वाट पाहत. हंडा अर्ध्यावर आला होता. आम्हाला पाहून त्या म्हणाल्या, “भरून घ्या गं बाटल्या, उन्हाचं लांब जायचंय तुम्हाला.” आमच्यापैकी कोणाचाही हात पुढे झाला नाही. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, पण उतार तीव्र आणि कातळ कठीण असल्यामुळे त्यातील बराचसा वाहून जातो. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय वरच्या वाड्यांमधून दिसतो, आणि तरीही मे महिन्यात हंडे वाटीने भरावे लागतात. आठवडाभर मी ज्या रकान्यांत आकडे भरत होते, त्यांचा अर्थ मला त्या हंड्यापाशी लागला. त्यानंतर प्रत्येकीने चार लिटर पाणी राजूरहूनच न्यायचे आणि वाडीवर मागायचे नाही, असा आम्ही नियम केला. आजींनी मात्र निघताना आमच्या हातावर मूठ मूठ करवंदे ठेवलीच. त्यांचा चीक ओठांना चिकटत होता आणि आम्ही रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत ती खात गेलो.

मेच्या शेवटच्या शनिवारी काजवे पाहायला गेलो. एक सादड्याचे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकदम उजळायचे आणि एकदम विझायचे. नर काजवे मादीला बोलावण्यासाठी असे लुकलुकतात, त्यामुळे तिथे गाडीचे दिवे आणि मोबाईलचे फ्लॅश लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. गाड्यांची रांग पाहून आम्ही रस्ता सोडला आणि ओळखीच्या शेतकरीदादांच्या बांधावर अंधारात जाऊन बसलो. कोणी बोलत नव्हते. साडेदहाच्या सुमारास वारा सुटला, मातीचा वास आला आणि टपोरे थेंब पडू लागले. दादा अंगणात आले, त्यांनी हात पुढे करून दोन थेंब तळव्यावर घेतले आणि घरात हाक मारली, “हंडे बाहेर ठेवा गं.”