मिसिसिपीतला एकवीस प्रश्नांचा अर्ज

१९५५ पासून मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नाव लावायचं तर २१ प्रश्नांचा अर्ज स्वतःच्या हातानं भरावा लागे. नाव, वय, पत्ता, धंदा, मालक कोण, कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, हे प्रश्न आधी येत. त्यानंतर खरी परीक्षा. मिसिसिपीच्या राज्यघटनेतलं एक कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मग घटनात्मक राज्यपद्धतीत नागरिकाची कर्तव्यं कोणती, हेही लिहायचं. शेवटी सही.

घटनेत २८५ कलमं होती. त्यातलं कोणतं द्यायचं हे कौंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सर्किट क्लार्क, मतदार नोंदवणारा कोर्टाचा अधिकारी, ठरवी आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवी. 'कर्जापायी कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही' असं एका ओळीचं ३० वं कलम याच घटनेत होतं आणि करआकारणीची, कंपन्यांची लांबलचक कलमंही होती. गोऱ्या अर्जदारापुढे सोपं कलम यायचं, कृष्णवर्णीय शिक्षकापुढे वकिलालाही अवघड वाटेल असं. बरोबर उत्तराचा नमुना कुठेच छापलेला नव्हता.

या अर्जाचं मूळ १८९० च्या राज्यघटनेत आहे. यादवी युद्धानंतर मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती आणि पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स याच राज्यातून अमेरिकन सिनेटवर गेले, तिथे बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. मिसिसिपीचेच कृष्णवर्णीय जॉन लिंच १८७३ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात पोचले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्या क्षणी मुक्तीची ही आशा खरी होती. दोनच वर्षांनी, १८७५ च्या निवडणुकीत, बंदुका घेतलेल्या टोळ्यांनी ती चिरडली. गव्हर्नर एम्स यांनी वॉशिंग्टनकडे सैन्य मागितलं, ते आलं नाही.

पण दर निवडणुकीला मारहाण आणि खोटी मोजणी करत राहणं गोऱ्या पुढाऱ्यांनाही अवघड जाऊ लागलं. त्यांना कायदेशीर वाट हवी होती, आणि अडचण अशी की केंद्रीय घटनेच्या १५ व्या दुरुस्तीनं वर्णाच्या आधारे मत नाकारायला बंदी होती. म्हणून १८९० मध्ये नवी राज्यघटना लिहायला भरलेल्या अधिवेशनानं वर्णाचा उल्लेख टाळून माणसाच्या परिस्थितीवर बोट ठेवलं. १३४ प्रतिनिधींत एकच कृष्णवर्णीय होते, माउंड बायू गावाचे संस्थापक आयझाया माँटगोमेरी, आणि त्यांनीही बाजूनं मत दिलं. मसुदा लोकांच्या मताला टाकलाच नाही.

राज्यात दोन वर्षं आणि मतदान विभागात एक वर्ष वास्तव्य हवं, ही एक अट. दरवर्षी नव्या मळ्यावर जाणारा वाटेकरी इथेच गळायचा. दुसरी अट दोन डॉलर डोईपट्टीची. मतदानाच्या वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत मागच्या दोन वर्षांचे कर भरलेले असले पाहिजेत. मळेवाल्याच्या दुकानातून वर्षभर उधारीवर जगणाऱ्या कुटुंबाचा हिशेब कापूस विकल्यावर व्हायचा आणि बहुधा कर्जच शिल्लक दाखवायचा. अशा घरात दोन डॉलर रोख म्हणजे थोडे नव्हेत. शिवाय पावती सांभाळून ठेवायची. या पट्टीबद्दलचं २४३ वं कलम मुळातून वाचावं. पट्टी शाळांसाठी आहे असं ते सांगतं आणि पुढे म्हणतं की ती वसूल करायला फौजदारी कारवाई करता येणार नाही. शाळांसाठी पैसा हवा असलेलं सरकार वसुलीचा हात असा बांधून घेत नाही. गरिबानं ती न भरावी, हीच योजना होती.

तिसरी अट, २४४ वं कलम, १८९२ पासून लागू झाली. घटनेचं कोणतंही कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर समजावं, किंवा त्याचा 'वाजवी अर्थ' सांगता यावा. यातला 'समजावं' हा भाग निरक्षर गोऱ्यांसाठी ठेवलेली फट होती. १८९२ मध्ये मतदानाच्या वयाचे सुमारे १,४७,००० कृष्णवर्णीय पुरुष असताना नोंदलेले ९,००० देखील नव्हते. १८९८ मध्ये विल्यम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की या अटींत वर्णाचा उल्लेख नाही, म्हणून त्या वैध. मग दक्षिणेतल्या इतर राज्यांनीही अशाच अटी घातल्या.

या सगळ्यात माझ्या मते जीवघेणा भाग क्लार्कच्या मर्जीचा. लिहिलेल्या अटी पुऱ्या करता येतात, मर्जी पुरी करता येत नाही. कृष्णवर्णीय मुलं शिकू लागली तशी १९५४ मध्ये घटनाच बदलून वाचणं, लिहिणं आणि अर्थ सांगणं अशा तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. १९६० मध्ये 'चांगलं चारित्र्य' जोडलं. १९६२ च्या कायद्यांनी तर अर्जदाराचं नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायला लावलं, आणि नापास का झाला हे अर्जदाराला सांगायला क्लार्कला मनाई केली. कारण काय, तर सांगितलं की पुढच्या अर्जाला मदत होईल!

नाव छापून आल्यावर ते बँक वाचायची, कापसाच्या जिनचा मालक वाचायचा, मळ्याचा मालक वाचायचा. मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ ला रूलव्हिलहून १७ जणांबरोबर बसनं इंडियानोलाच्या कोर्टात गेल्या, तेव्हा तर नाव छापून येण्याचीही वाट पाहिली गेली नाही. त्यांना पूर्वलक्षी कायद्यांबद्दलचं कलम आलं आणि त्या नापास झाल्या. परतताना बसचा रंग फारच पिवळा आहे म्हणून दंड झाला, आणि १८ वर्षं काम केलेला मळा त्याच रात्री सोडावा लागला. जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्या. तरी पुढच्या निवडणुकीत मत देता आलं नाही, कारण डोईपट्टीच्या दोन पावत्या नव्हत्या. तीन कुलपं अशी एकामागे एक होती.

म्हणूनच होम्स कौंटीतल्या माइल्स्टनकडे नीट पाहायला हवं. १९३० च्या दशकातल्या मंदीवर उपाय म्हणून आखलेल्या 'न्यू डील'च्या काळात फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारनं तिथले जुने मळे घेऊन कृष्णवर्णीय कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या कर्जावर जमिनी दिल्या होत्या. एप्रिल १९६३ मध्ये लेक्सिंग्टनच्या कोर्टात नाव नोंदवायला जे १४ जण गेले, त्यांत हे जमीनमालक शेतकरी होते. त्यांना कोणी मळ्यावरून हाकलू शकत नव्हतं. तरी महिन्याभरात त्यांच्यातल्या हार्टमन टर्नबो यांच्या घरावर पेटते बॉम्ब पडले, आणि घर पेटवल्याच्या आरोपाखाली अटक झाली ती खुद्द टर्नबोंना. ते मागे हटले नाहीत. १९६७ मध्ये याच कौंटीतून रॉबर्ट क्लार्क राज्याच्या विधिमंडळात गेले, विसाव्या शतकात तिथे निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. चळवळीच्या इतिहासात भाषणांची आठवण फार निघते, सातबाऱ्याची निघत नाही, याची मला खंत वाटते.

१९६४ च्या उन्हाळ्यात सुमारे १७,००० कृष्णवर्णीयांनी अर्ज केले, स्वीकारले गेले ते १,६०० च्या आसपास. निरक्षरांनाही चिन्ह पाहून मत देता येतं हे १९५१-५२ मध्ये भारतानं दाखवून दिलं होतं. त्याला एक तप उलटलं तरी मिसिसिपीत शिकलेली माणसं अर्थ सांगण्याच्या परीक्षेत नापास होत होती.

६ ऑगस्ट १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं घाव बरोबर जागी घातला. परीक्षा स्थगित झाल्या, आणि गरज पडेल त्या कौंटीत क्लार्कला बाजूला ठेवून फेडरल परीक्षक नावं नोंदवू लागले. मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६५ मधल्या ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. राज्यानं लगेच नवी युक्ती काढली. कौंटीचा कारभार पाहणारे पर्यवेक्षक प्रभागाऐवजी सगळ्या कौंटीतून निवडायचे, म्हणजे एका प्रभागातली कृष्णवर्णीय बहुसंख्या बाकीच्यांत विरून जाईल. असे बदल आधी केंद्राकडून मंजूर करून घ्यावे लागतील, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये ठरवलं. ही पूर्वमंजुरीची व्यवस्था २०१३ पर्यंत टिकली. त्या वर्षी ती कोणाला लागू होते हे ठरवणारं सूत्रच न्यायालयानं रद्द केलं.

१८९० चं एक कलम मात्र अजून चालू आहे. २४१ व्या कलमात काही गुन्ह्यांची यादी आहे, ज्यांत शिक्षा झालेल्याचं मत कायमचं जातं. लाच, चोरी, जाळपोळ, फसवणूक, खोटी साक्ष, बनावट दस्त, अफरातफर, द्विभार्या असे गुन्हे त्यात आले, कारण ते कृष्णवर्णीयांकडून अधिक होतात असा घटनाकारांचा समज होता. खून आणि बलात्कार मूळ यादीत नव्हते, ते १९६८ मध्ये घातले गेले. जुलै २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे मिसिसिपी ज्याच्या कक्षेत येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठानं ही तरतूद कायम ठेवली. शिक्षा भोगून झाल्यावर मत परत हवं असेल, तर गव्हर्नरची माफी मिळवायची, नाहीतर त्या एका माणसाच्या नावानं विधेयक आणून दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी ते मंजूर करून घ्यायचं.