रस्त्याची फाईल मागितली आणि गावानं मलाच संशयित केलं (माझा अनुभव)

गावाचं नाव, तालुका काही टाकत नाहीये, कारण तिथंच राहायचंय आणि रोज त्याच रस्त्यावरनं जायचंय. पश्चिम महाराष्ट्रातलं पाच-सहाशे उंबऱ्याचं गाव समजा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत काँक्रीट रस्ता झाला. भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर नऊ जणांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरात "2515 अंतर्गत 25 लक्ष". 2515 म्हणजे ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष, आमदाराच्या शिफारशीनं गावातली मूलभूत सुविधांची कामं ज्यातनं येतात ते, गावाकडं कधी शाळेत न गेलेल्या म्हातारीलापण हा आकडा पाठ असतो. रस्ता झाला, पहिल्याच पावसाळ्यात वरचा थर जाऊन खडी उघडी पडली आणि गटार शेवटच्या काही घरांच्या अलीकडंच संपलं, त्यामुळं वरच्या सगळ्यांचं सांडपाणी आमच्या दारात. मग पारावर हिशोब सुरू. एक म्हणाला रस्ता आठ लाखाचा पण नाही, दुसरा म्हणाला टक्केवारी पार वरपर्यंत जाते, तिसऱ्यानं तर कुणाला किती टक्के तेही सांगून टाकलं, जणू वाटप त्याच्या ओसरीवर झालं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण डोलावली.

आमचे आबा मात्र अशा गोष्टींवर चिडतच नाहीत. त्यांचं एकच, "अंतुल्यांच्या सिमेंटपासनं बघतोय." 1982 ला सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली तेव्हा आबा विशीत होते. 2010 ला आदर्श सोसायटीवरनं दुसरा मुख्यमंत्री गेला. 2012 ला सिंचनाचं निघालं, दहा वर्षांत 70,000 कोटी खर्च आणि सिंचन वाढलं 0.1 टक्का, असं ते गाजलं होतं, मग श्वेतपत्रिका काय, अजितदादांचा राजीनामा काय, दोन-अडीच महिन्यांत परत मंत्रिमंडळात काय, आणि 2019 ला एसीबीनं (लाचलुचपतवाल्यांनी) हायकोर्टात सांगितलं की अजितदादांवर जबाबदारी येत नाही. आता यात खरं किती आणि राजकारण किती हे मला सांगता येणार नाही, पण आमच्याकडं कॅनॉलला पाणी काय आलं नाही, त्यामुळं लोकांनी आपापला निकाल आपणच लावून टाकला. 2024 च्या ऑगस्टमध्ये मालवणला महाराजांचा पुतळा पडला, उद्घाटनाला नऊ महिनेपण झाले नव्हते, तेव्हा आबा पहिल्यांदा टीव्हीसमोरनं उठून गेले. बोलले काही नाहीत.

मला वाटतं त्याच आठवड्यात मी ठरवलं की आपल्या गल्लीपुरतं तरी बघू.

माहिती अधिकार ऐकून माहिती होता, केला कधी नव्हता. महाराष्ट्रात फी 10 रुपये, अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, बस्स. पण हा 10 चा स्टॅम्प मिळवण्यातच माझी एक सुट्टी गेली, एका व्हेंडरकडं संपलेले, दुसरा जेवायला गेलेला, तिसरा म्हणाला दहाचा एकटा कशाला नेताय, पाच-सहा न्या, लागतील. तेव्हा मला वाटलं खपवायला बघतोय. लागले पण.

पहिल्या अर्जात मी मनातलं सगळं ओतलं. रस्त्याच्या कामात भ्रष्टाचार झाला आहे का, असल्यास कोण जबाबदार, निकृष्ट काम का केले. तिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर, माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. लई राग आला होता, पण आता कळतंय की ऑफिसची ती बाजू बरोबर होती. कायदा कागद मागायचा आहे, कबुली मागायचा नाही. दुसऱ्या अर्जात मग "सदर कामाची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिलं तर उत्तर आलं की माहिती मोघम आहे, नेमकी कोणती ते नमूद करावे. दोन महिने गेले आणि हातात शून्य.

मग तालुक्याला एक रिटायर गुरुजी भेटले, त्यांनी माझा अर्ज वाचला आणि शाळेतल्यासारखा लाल पेनानं अर्धा खोडला. म्हणाले, एक अर्ज एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि "का" हा शब्द काढून टाक. मागायचं काय ते त्यांनी पाठ म्हणल्यासारखं सांगितलं: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिलं, क्यूब टेस्टचे (काँक्रीट किती मजबूत ते तपासतात त्याचे) रिपोर्ट. या सगळ्यात जीव मोजमाप पुस्तिकेत असतो म्हणाले. ऑफिसात तिला एमबी म्हणतात. जागेवर जाऊन लांबी रुंदी जाडी मोजून त्यात लिहायची आणि त्यावरनंच बिल निघतं, म्हणजे ठेकेदाराला पैसे रस्ता बघून नाही मिळत, एमबी बघून मिळतात. हे वाक्य मी घरी येऊन आबांना सांगितलं तर ते म्हणाले मग रस्ता कशाला करतात.

तिसरा अर्ज. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र, 46 पानं आहेत, 2 रुपये पानाप्रमाणे 92 रुपये भरा. भरायला गेलो तर भाऊसाहेब म्हणाले पावतीपुस्तक साहेबांच्या कपाटात आणि साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पावतीपुस्तक होतं पण झेरॉक्सला गेलेला शिपाई आला नव्हता. तिसऱ्यांदा मिळाले कागद, घरी येऊन मोजले तर 31. एमबी नाही, क्यूब टेस्ट नाही.

इथपर्यंत बरेच जण येऊन थांबतात असं गुरुजी म्हणाले. नोकरी करणारा माणूस किती सुट्ट्या टाकणार? मी पहिलं अपील केलं, त्याला 20 चा स्टॅम्प. गंमत अशी की अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडं जातं. सुनावणीचं पत्र मला सुनावणी होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मिळालं, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला तर पत्र टाकलंच सुनावणीच्या आदल्या दिवशी. पाकीट घेऊनच गेलो साहेबांसमोर. ते साहेब मात्र सरळ निघाले, शिक्का बघितला, काही बोलले नाहीत, पुढची तारीख दिली आणि त्या तारखेला आदेश काढला की पंधरा दिवसांत राहिलेले कागद फुकट द्या आणि मूळ एमबी दाखवा. मुदत उलटली तर माहिती विनाशुल्क द्यायची असं कायद्यातच आहे. बाहेर पडताना हळूच म्हणाले, "गावचं राजकारण आहे का काही?" मी नाही म्हणलो. त्यांना पटलं नसावं.

याच मधल्या काळात फोन सुरू झाले. धमकी वगैरे काही नाही, उलट लई गोड. ठेकेदाराचा माणूस स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर भेटला, म्हणाला दादा, आपण एकाच भागातली माणसं, कागद कशाला काढत बसता, त्यात नुसती आकडेमोड. मग म्हणाला तुमच्या दारात चिखल होतोय ना, पेव्हर ब्लॉक टाकून देतो, पोरं लावतो उद्याच. पैसे नाही हो, पेव्हर ब्लॉक! माझी किंमत त्यांनी अंगणाच्या चौरस फुटात काढली होती. चहाचे पैसे मी दिले आणि निघालो.

एमबी बघायचा दिवस. लांबट वही, निळ्या शाईत आकडे, तपासणीच्या लाल टिका, खाली सह्या. खरं सांगतो, इतकं स्वच्छ अक्षर की कौतुक वाटलं. रस्ता 280 मीटर, रुंदी 3, जाडी 0.15. गटार 120 मीटर. मी फोटो काढले, भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

रविवारी पहाटे, गल्ली उठायच्या आत, चुलतभाऊ आणि मी पन्नास मीटरचा टेप घेऊन निघालो. रस्ता 282 भरला. म्हणजे दोन मीटर जास्तच! गटार 74. परत मोजलं, 74. जाडीसाठी नळाच्या कनेक्शनला एकानं जिथं रस्ता कडेला फोडला होता तिथं पोरीची कंपासमधली पट्टी उभी धरली, कुठं 11 सेंटिमीटर, कुठं 12. पट्टीवर मिकी माऊस होता, पुढं तक्रारीला तोच फोटो जोडला.

आणि आता ती गोष्ट ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. मंजुरीच्या आदेशात रस्ता आणि गटार मिळून रक्कम होती 15 लाख. 25 नाहीच. उरलेले 10 लाख पलीकडच्या आळीतल्या सभामंडपाचे, फ्लेक्सवाल्यानं (म्हणजे फ्लेक्स लावायला सांगणाऱ्यानं) बेरीज करून छापली कारण 25 लक्ष भारी दिसतं. म्हणजे गावात वर्षभर ज्या सतरा लाखाच्या खाण्याची चर्चा चालली होती त्यातले दहा लाख या कामात कधी आलेच नव्हते. चोरी होती, गटाराचे 46 मीटर आणि जाडीचे तीन-चार सेंटिमीटर, माझ्या अडाणी हिशोबानं तीन-साडेतीन लाखाच्या आसपास. खरं सांगू का, मला वाईट वाटलं होतं की घोटाळा इतका छोटा निघाला.

हे पारावर सांगितलं तर कुणाला पटेना. फ्लेक्सवर 25 छापलेलं सगळ्यांनी वाचलंय, 15 कुठनं आलं? कागद दाखवला, तर कागद त्यांनीच बनवलाय म्हणाले. बरं मग 46 मीटर गटार कमी आहे तोही त्यांचाच कागद आहे की, तो बरा चालतो? त्यावर एक आमच्याच भावकीतला, लहानपणापासनं ज्याच्या घरी जेवलोय, तो हसत म्हणाला, "मॅनेज झालास होय?" सगळे हसले. त्या दिवसापासनं मी गावात "माहिती अधिकारवाला" झालो, आणि हा शब्द आमच्याकडं कसा उच्चारतात ते तुम्हाला माहिती असेल. त्यात गावाचीपण चूक नाही म्हणा, अर्ज टाकायचे, तोडपाणी करायचं आणि अर्ज मागं घ्यायचे हा धंदा करणारे आमच्या तालुक्यातच दोघं आहेत.

टेपनं मोजलेल्या आकड्यांसकट कार्यकारी अभियंत्याकडं तक्रार दिली, संयुक्त पाहणी मागितली. दोनदा कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा आले, मोजलं, 74 च भरलं, पंचनाम्यावर माझीपण सही घेतली. त्यानंतर महिनाभर शांतता आणि एका मंगळवारी सकाळी सात वाजता जेसीबी दारात. कुणी पत्र दिलं नाही, बोर्ड लावला नाही, चार दिवसांत उरलेलं गटार झालं. जाडीचं मात्र कोअर (म्हणजे रस्त्यातनं काँक्रीटचा गोल तुकडा) काढून तपासू असं तोंडी सांगितलं, ते अजून तपासतायत. क्यूब टेस्टचे रिपोर्ट शेवटपर्यंत दिले नाहीत म्हणून राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील टाकलंय. माहिती दडवली तर अधिकाऱ्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो, पण राज्यात अशी अपिलं लाखाच्या घरात पडून असल्याचं वाचलंय, तेव्हा माझा नंबर येईपर्यंत ते साहेब रिटायर झाले नाहीत म्हणजे मिळवली.

हिशोब मागाल तर स्टॅम्पचे, झेरॉक्सचे, एसटीचे मिळून हजार-बाराशे रुपये आणि नऊ सुट्ट्या.

गटार झाल्यावर दारातला चिखल थांबला. दिवाळीत आबांनी स्वतःच्या पेन्शनीतनं अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. मी म्हणलं होतं आबा, आत्ता नको, निदान वर्षभर थांबा. त्यांनी ऐकलं नाही, म्हणाले माझं अंगण आहे, लोकांना विचारून झाडू का.

आता जाणारायेणारा ब्लॉककडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. ब्लॉकचं 18,400 रुपयाचं बिल मी रस्त्याच्या फाईललाच लावून ठेवलंय, एमबीच्या झेरॉक्सच्या मागं. अजून कुणी मागायला आलं नाही.