बोटभर पालवीसाठी तीन खेपा

मुरूडजवळ खाडीकाठच्या एका वाडीत गोरखचिंचेचं जुनं झाड आहे. त्याच्या चार पानांसाठी मी तीन वेळा गेले. पहिली खेप वाया गेली ती माझ्याच चुकीनं.

गोरखचिंच आपल्याला इथलीच वाटते, नावातच गोरखनाथ आहेत. पण तिच्या आठ जातींपैकी सहा मादागास्कर बेटावरच्या, एक ऑस्ट्रेलियातली आणि आपल्याकडे दिसते ती आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची. इकडे ती माणसांनी आणली. आफ्रिकेच्या कुठल्या किनाऱ्यावरून आणली, ते डीएनएवरून शोधणं हे माझं काम.

हे पान चुरगळलं की भेंडीसारखं बुळबुळीत होतं. तोच चिकट रस प्रयोगशाळेत डीएनएबरोबर नळीत उतरतो आणि पुढचं सगळं अडवून ठेवतो. म्हणून पान तोडल्याबरोबर सिलिका जेलच्या खड्यांत टाकून खडखडीत वाळवायचं. ओलावा प्यायले की निळे खडे गुलाबी होतात, मग ते लगेच बदलायचे. सप्टेंबरातल्या त्या रात्री लॉजवर मी दमून झोपले, खडे बदललेच नाहीत. घरी पिशवी उघडली तर पानं काळी पडली होती.

मार्चमध्ये परत गेले तेव्हा झाडावर एक पान नव्हतं. सालीखालचा बोटाच्या नखाएवढा तुकडाही चालला असता, म्हणून मी पिशवीतून तो कापायचा पंच काढला. झाड ज्यांच्या अंगणात आहे ते चाचा पुढे आले. ते सिद्दी, म्हणजे त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले.

"नाय बाय, खोडाला हत्यार लावायचं नाय. पालवी फुटल्याव ये."

एवढ्याशा जखमेनं झाडाला काही होत नाही, हे मला माहीत होतं. तरी वाद घालावासा वाटला नाही. निदान घेर तरी मोजू म्हटलं. मी पट्टीचं एक टोक धरून उभी राहिले, दुसरं धरून चाचा खोडाभोवती फिरून आले. दहा मीटरची पट्टी जेमतेम पुरली. टोक माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "हे झाड आमच्यासंगं आलं, का आमच्या आदी?"

जूनच्या अखेरीस गेले तेव्हा त्यांनी आकडी तयारच ठेवली होती. हाताच्या पंज्यासारखी उघडलेली कोवळी पानं त्यांनी स्वतः ओढून दिली. लॉजवर पोचेपर्यंत मी दोनदा खडे बदलले.

डीएनएमध्ये काही छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात. ते किती वेळा आले, हे झाडाझाडांत ताडून पाहतात. 2015 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अशा 10 जागा तपासलेला अभ्यास आला होता. त्यात भारतातली झाडं पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा ते दार-एस-सलाम या किनाऱ्यावरच्या झाडांच्या सगळ्यात जवळची निघाली. तरी पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचा आफ्रिकेतल्या झाडांपासून वेगळाच गट पडला. भारतातल्या झाडांत आफ्रिकेच्या नमुन्यांत न सापडलेल्या काही खुणाही होत्या. म्हणजे ती एकाच वेळी आली नाहीत, आणि समजत होतो त्याच्या कितीतरी आधीपासून येत राहिली. मॉरिशसकडच्या बेटांवरची, आग्नेय भारतातली आणि मलेशियातली झाडं मात्र पश्चिम आफ्रिकेची. ती 18व्या-19व्या शतकात युरोपीय वसाहतींच्या वाटेनं गेली. टांझानियातल्या किल्वाला आणि मोझांबिकमधल्या झांबेझी नदीकडे तर वेगवेगळ्या गटांची झाडं एकत्र सापडली. आतल्या मुलखातून माणसं पकडून गुलाम म्हणून विकायला किनाऱ्यावर आणत, त्याची ही खूण असावी असं त्या अभ्यासकांना वाटतं. तो परिच्छेद मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा थांबते.

चाचांच्या झाडाचा गोतावळाही पूर्व आफ्रिकेच्याच किनाऱ्याचा निघाला. हे फोनवर सांगणं मला बरं वाटेना, म्हणून चौथ्यांदा गेले.

"पण कुणी आणलं, ते पानातनं कळत नाही," मी म्हटलं.

"म्हंजे व्यापारी पन आसंल."

"असेल, चाचा."

"आन बांधून आणलेला मानूस पन."

"हो."

मग मोबाइलवरच्या नकाशात मोंबासापासून मुरूडपर्यंतचं पाणी त्यांनी मला बोटानं दाखवायला लावलं. दोनदा.