मधुमेहाचा रकाना नसलेला अर्ज

जून २०१२ च्या अखेरीस माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, त्या संध्याकाळी आमच्या घरात पगाराआधी विम्याचा विषय निघाला. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या प्लेनोला राहतो. अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्य विमा बहुधा नोकरीलाच बांधलेला असतो. नोकरी सुटल्यावर ‘कोब्रा’ कायद्याखाली तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, मात्र आजवर कंपनी भरत आलेला वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च द्यायचा. तो आकडा कागदावर पाहिला तेव्हा कळले की पगारातून कापली जाणारी रक्कम ही विम्याची खरी किंमत कधीच नव्हती.

मला बरीच वर्षे मधुमेह आहे. कोब्राला पर्याय म्हणून आम्ही एका कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसीसाठी अर्ज केला. त्याची प्रत मी अजून ठेवली आहे. नाव-पत्त्याला अर्धे पान आणि आजारांना पाच पाने: कोणकोणत्या डॉक्टरांकडे गेलात, कोणती औषधे घेतलीत, कोणती तपासणी सुचवली असूनही केली नाहीत. मी सगळे खरे लिहिले, कारण एखादी गोष्ट राहून गेली तर पुढे ऐन आजारपणात पॉलिसी रद्द होण्याची भीती असे. तीन आठवड्यांनी नवऱ्याला आणि मुलीला होकार आला, मला चार ओळींचे नकाराचे पत्र. नाकारलेल्या लोकांसाठी राज्याची एक योजना होती, पण तिचा हप्ता बाजारातल्या हप्त्याच्या दुपटीच्या घरात जात होता. निमूटपणे कोब्राच चालू ठेवला. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१३ ला संपत होती, आणि ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’खालच्या, म्हणजे सगळे ज्याला ओबामाकेअर म्हणतात त्या कायद्याखालच्या, आजारामुळे नाकारता न येणाऱ्या पॉलिसी १ जानेवारी २०१४ पासून लागू होणार होत्या. मध्ये एका दिवसाचीही फट नव्हती, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

विम्याचा हा सरकारी बाजार १ ऑक्टोबर २०१३ ला उघडला आणि त्याचे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री माझा अर्ज शेवटी पार पडला. नव्या नियमानुसार हप्ता ठरणार होता तो वय, राहण्याचे ठिकाण, तंबाखूची सवय आणि घरातली माणसे यांवर. वयस्कर माणसाला तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त हप्ता लावता येणार नव्हता, आणि बाई आहे म्हणून वेगळा दर तर मुळीच नाही. तरीही मधुमेहाचा रकाना नजरचुकीने सुटला असेल, या भीतीने मी मागे जाऊन प्रत्येक पान पुन्हा वाचले. तो रकाना नव्हताच.

निवड करणे मात्र सोपे नव्हते. योजनांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी नावे आहेत आणि त्यांच्यापुढे अनुक्रमे ६०, ७०, ८० व ९० टक्के लिहिलेले असते. आमच्या ओळखीतल्या अनेकांनी याचा अर्थ ‘प्रत्येक बिलाचे साठ टक्के कंपनी देणार’ असा घेतला, तो चुकीचा आहे. हे प्रमाण सर्वसाधारण ग्राहकांच्या एकूण खर्चाच्या सरासरीवर काढलेले असते. तुमच्या बिलात डिडक्टिबल, म्हणजे वर्षाला आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम, भरून होईपर्यंत कंपनीचा वाटा शून्यही असू शकतो. मी पाहिलेल्या ब्राँझ योजनेचे कौटुंबिक डिडक्टिबल १२,००० डॉलर होते, सिल्व्हरचे ५,०००. हप्त्यातला फरक महिन्याला सुमारे १५० डॉलर, म्हणजे वर्षाला १,८००. ज्या घरात दर महिन्याला औषधे लागतात आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते, त्या घराला ब्राँझचा स्वस्त हप्ता महागच पडतो. वर्षभरात स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला त्या वर्षी कुटुंबासाठी १२,७०० डॉलरची कमाल मर्यादा होती, पण त्यात हप्ते धरत नाहीत आणि नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे योजनेच्या यादीत नसलेल्या, डॉक्टरांचे बिलही धरत नाहीत.

खरी मेहनत त्या नेटवर्कचीच होती. आपले डॉक्टर आणि आपली औषधे योजनेत बसतात का, हे संकेतस्थळावर एका ठिकाणी दिसत नव्हते. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी उघडावी लागे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर औषधांच्या सगळ्या बाटल्या मांडल्या आणि वहीत नावे व मात्रा उतरवून काढल्या. मेटफॉर्मिन सगळीकडे स्वस्त होते. रात्री घ्यायचे इन्सुलिनचे पेन मात्र एका योजनेत दुसऱ्या श्रेणीत आणि दुसरीत तिसऱ्या श्रेणीत होते, म्हणजे दर महिन्याच्या को-पेमध्ये, औषध घेताना आपण द्यायच्या रकमेत, मोठा फरक. मग माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला आणि अमुक कंपनीचा विमा चालतो का, असे विचारले. फोनवरच्या बाई होकार देऊन थांबल्या आणि म्हणाल्या की योजनेचे पूर्ण नाव वाचून दाखवा. मी वाचले. त्याच कंपनीची पीपीओ (नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांकडेही जाऊ देणारी योजना) त्यांना चालत होती, एचएमओ (नेटवर्कपुरतीच योजना) नाही. त्या बाईंनी ते विचारले नसते तर मी चुकीची योजना घेऊन बसले असते. मुलगी ऑस्टिनला शिकत होती, तिलाही डॅलसपुरते नेटवर्क पुरणार नव्हते. तिथेच सिल्व्हर पीपीओ ठरली.

उरला उत्पन्नाचा प्रश्न. तिघांच्या कुटुंबाला ७८,१२० डॉलरच्या उत्पन्नापर्यंत हप्त्यासाठी करसवलत होती आणि त्या रेषेच्या जवळ पोचणाऱ्यांना ठरावीक सिल्व्हर योजनेसाठी उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांहून अधिक भरावे लागत नव्हते. रेषा एका डॉलरने ओलांडली की वर्षभर घेतलेली सगळी सवलत परत करायची. नवरा तोवर सल्लागार म्हणून स्वतंत्र काम करू लागला होता. पुढच्या वर्षी किती मिळकत होईल हे आम्ही कशाच्या आधारावर सांगणार? आम्ही आकडा थोडा चढाच लिहिला आणि दर तिमाहीला हिशेब तपासला. ४८,८२५ डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्यांना डिडक्टिबलही कमी करून मिळत होते, पण फक्त सिल्व्हर घेतली तर. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने स्वस्त म्हणून ब्राँझ घेतली आणि तो हक्क गमावला. त्यांना कोणी आधी सांगितले असते तर, असे मला अजून वाटते. त्याहून वाईट म्हणजे टेक्ससने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार नाकारला, कारण २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना तशी मोकळीक मिळाली होती. त्यामुळे दारिद्र्यरेषेखालच्या अनेक प्रौढांना मेडिकेडही नाही आणि सवलतही नाही, कारण सवलत दारिद्र्यरेषेपासून वरच्यांसाठीच होती. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती तेच वगळले गेले, हे अन्यायाचे आहे.

आम्ही पहिला हप्ता डिसेंबरातच भरला, कारण तो भरल्याशिवाय पॉलिसी सुरू होत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात औषधांच्या दुकानात पेन घ्यायला गेले, तेव्हा कार्ड अजून टपालातच होते. छापून नेलेल्या पत्रावरचा क्रमांक त्या मुलाने दोनदा टंकला आणि वहीत लिहून ठेवलेलाच को-पे पडद्यावर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये योजना आपोआप पुढे चालू राहील असे पत्र आले, तरी मी दवाखान्यात फोन केला. त्याच बाई होत्या. योजनेचे नाव तेच होते, पण नव्या वर्षापासून डॉक्टर त्या नेटवर्कमध्ये नसतील असे त्यांनी सांगितले, आणि मी बाटल्या पुन्हा टेबलावर मांडल्या.