गार काल शेतावर गेला

काल आमचा अ‍ॅलिगेटर गार मासा घरातून गेला. मेला नाही, मित्राच्या शेतावर गेला, पण रात्री हॉल एकदम शांत वाटला, कारण चार वर्षं रात्री-अपरात्री तो "टुप्" आवाज कानात बसलाय, गार वर येऊन तोंडाने हवा घेतो त्याचा. त्याचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुफ्फुसासारखं काम करतो, म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तो तग धरतो.

आणला तेव्हा पाच इंचांचा होता, पेन्सिलीएवढा. दुकानदार म्हणाला, "टेन्शन घेऊ नका दादा, मासा टँकच्या साइझप्रमाणेच वाढतो." हे वाक्य मॉन्स्टर फिश, म्हणजे खूप मोठे होणारे मासे, ठेवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि ते साफ खोटं आहे. लहान टँकमध्ये मासा खुंटतो तो घाण पाण्याने आणि कोंडल्याने, शरीर वाकडं होतं आणि आयुष्य कमी होतं. हा मूळचा अमेरिकेतला, मिसिसिपीच्या खोऱ्यातला, २०११ मध्ये तिथे सापडलेला एक गार आठ फुटांच्या वर होता आणि वजन जवळपास १४८ किलो! हे मी मासा घेतल्यावर वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

मग मी ६ बाय २ बाय २ फुटांचा टँक केला. नुसतं पाणीच ६८० लिटर, म्हणजे तेवढेच किलो, वर काच आणि स्टँड वेगळं, त्यामुळे तो बीमच्या बाजूला भिंतीला लावून ठेवला. कॅनिस्टर फिल्टर दोन, दर रविवारी चाळीस टक्के पाणी बदल, अँटीक्लोरीन टाकून. मोठा मासा खातो भरपूर आणि तेवढाच अमोनिया करतो, फिल्टर कितीही भारी असला तरी बादल्या सुटत नाहीत. खायला सोललेली कोळंबी आणि चिलापीचे तुकडे. जिवंत गोल्डफिश मी सुरुवातीलाच बंद केले, त्यांच्याबरोबर रोग येतात आणि त्यांच्यातल्या थायमिनेज नावाच्या एन्झाइममुळे माशाला बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं.

पण खरी चूक मला गेल्या पावसाळ्यात कळली. सगळे टँकची लांबी विचारतात, रुंदी कोणी विचारत नाही. गारच्या अंगावर हिऱ्याच्या आकाराचे टणक खवले असतात, चिलखतच ते, त्यामुळे तो इतर माशांसारखा लवचिक वळत नाही. पावणेतीन फुटांचा मासा आणि रुंदी दोन फूट. मी सोफ्यावर बसून बघायचो, अरुंद गल्लीत ट्रक वळवतात तसा तो मागे-पुढे, मागे-पुढे करत वळायचा आणि दर वेळी थोबाड काचेवर घासायचं. वरच्या जबड्याची कड लालसर झाली होती. ते बघवेना.

खूप जणांनी सांगितलं, नदीत सोडून दे. हे कधीच करू नका, प्लीज! मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल लेकमध्ये अ‍ॅलिगेटर गार सापडला, तो काही पोहत काश्मीरला गेला नव्हता. आपल्याकडे उजनीच्या मच्छीमारांना विचारा, टँकमधून सुटलेले सकर मासे त्यांच्या जाळ्यांचं काय करतात ते. एकाने सोडलेला मासा शंभर जणांच्या पोटावर येतो.

मित्राकडे शेडखाली सिमेंटची टाकी आहे, १५ फूट बाय १० फूट, नदीपासून लांब आणि उंचावर, वर जाळी, पुराचं पाणी तिथे चढत नाही. काल दोघांनी ओल्या चादरीत गुंडाळून क्रेटमध्ये ठेवला, वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात म्हणून हात जपून. पाण्यात सोडल्यावर पाच मिनिटं तळाशी गप्प पडून होता, मग हळूच निघाला, भिंतीपर्यंत गेला आणि एकाच दमात वळला.