मशीन पाणी मागतच राहिलं

आमच्या धुळ्यातल्या देवपुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळे घरात कुठे पाणी वाहतंय का, याकडे सगळ्यांचे कान लागलेले असतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते आणि मागच्या खोलीत कपडे धुण्याचं मशीन खळखळ करत पाणी घेत होतं. थोड्या वेळाने परत खळखळ. मग परत. सासरे आतून ओरडले, "माय, मशीन पानी भरीच राह्यनं!" जाऊन बघते तर कपडे काठापर्यंत तरंगत होते. पाच मिनिटांनी पडद्यावर बिघाडाचा कोड आला आणि मशीन पीं-पीं करत गप्प झालं.

मशीन सहा वर्षांचं, वरून कपडे टाकायचं, फुल्ली ऑटोमॅटिक. मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण न उघडताच सांगितलं, "मॅडम, बोर्ड गेला. पाच हजार आठशे." बोर्ड, म्हणजे सगळं मशीन चालवणारं सर्किट, गेल्याचं कशावरून ठरवलं, हे विचारल्यावर तो म्हणाला, "कोड तोच सांगतो." पण कोडचा अर्थ मशीनबरोबरच्या पुस्तिकेत छापलेला होता, आणि तो होता 'पाण्याच्या पातळीचा सेन्सर'. बोर्डाचं नावही तिथे नव्हतं. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यात दाबाचा धडा दरवर्षी येतो. म्हटलं, स्वतः बघू.

पहिली गोष्ट केली ती सोपी होती आणि तिनेच निम्मं काम झालं. मशीन पाणी घेत असताना भिंतीवरचा स्विच बंद केला. पाणी लगेच थांबलं. वीज गेल्यावरही पाणी चालूच राहिलं असतं, तर दोष पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, त्यात कचरा किंवा क्षार अडकलेला. थांबलं म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, त्याला 'अजून सोड' असा हुकूम चुकीचा मिळतोय.

हा हुकूम कशावर ठरतो, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टबाच्या तळाशी बाजूला एक छोटी बंद डबी असते, एअर चेंबर. तिच्यातून बोटाएवढाही जाड नसलेला एक पाइप वर पॅनेलपर्यंत जातो आणि सेन्सरला लागतो. टबात पाणी चढलं की डबीतली हवा कोंडते, पाइपमधून वर दाब देते, सेन्सरमधला पातळ पडदा हलतो. नव्या मशीनमध्ये त्या पडद्याबरोबर एक गाभा तारेच्या वेटोळ्यात सरकतो, त्याने बदलणारी विजेची कंपनसंख्या बोर्ड मोजतो. म्हणजे सेन्सर पाण्याला शिवतही नाही, तो फक्त हवा मोजतो. तो दाब तरी केवढा? एक सेंटिमीटर पाण्याला साधारण ९८ पास्कल, ३० सेंटिमीटर भरलं तर सुमारे ३००० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या शेकडा तीन. एवढ्याशा दाबाला सुईच्या टोकाएवढी गळतीही पुरते.

माझ्या डोक्यात मात्र तेव्हा गळती नव्हती, क्षार होता. बोअरचं पाणी इतकं जड की किटलीला दोन महिन्यांत पांढरा थर चढतो. प्लग काढला, नळ बंद केला, मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. बोर्डवर प्लग काढल्यावरही थोडा वेळ वीज साठलेली असते, म्हणून दहा मिनिटं चहा केला आणि मगच हात घातला. मल्टिमीटर शाळेतला. सेन्सरचा जोड काढून वेटोळ्यावर लावला तर २२ ओहम दाखवले, म्हणजे तार तुटलेली नाही. पाइप सेन्सरपासून सोडवून डबीकडे फुंकला तर हवा जेमतेम जात होती. डबीत साबणाचा चिकट गाळ आणि चुन्यासारखे पापुद्रे. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून दोनदा धुतली. सेन्सर जोडलेला असताना पाइपमध्ये जोराने फुंकू नये, पडदा फाटतो. आणि पाइप परत लावताना टब पूर्ण रिकामा हवा, नाहीतर सेन्सर अर्धं पाणी म्हणजेच शून्य समजून बसतो.

कपडे टाकले. एकदम नीट धुतले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट दोन वेळा सांगितली, एकदा जरा वाढवूनच. आणि तिसऱ्या दिवशी मशीन परत खळखळायला लागलं.

तेव्हा खाली बसून नीट विचार केला. टब भरलेला असताना डबी तुंबली तर उलट घडायला हवं. टब रिकामा झाला तरी हवा आत कोंडलेलीच राहते, मशीनला वाटतं पाणी आहे, म्हणून ते नवं पाणी घेत नाही, पिळायला जात नाही. माझं मशीन तर पाणी घेतच होतं. म्हणजे गाळ खरा होता, पण तो आजार वेगळा. इथे दाब आधी नीट चढत होता आणि मग हळूहळू उतरत होता. हे तपासायला टबाच्या आत काळ्या टेपची पट्टी पाण्याच्या रेषेवर चिकटवली आणि मशीन पॉझ करून वीस मिनिटं थांबले. पाणी रेषेवरच. पॉझ काढला की मशीन लगेच पाणी घ्यायला लागलं. टब गळत नव्हता, हवा गळत होती.

पण कुठे? पाइप हातात घेऊन उजेडात फिरवला, काही दिसेना. नाना, म्हणजे माझे सासरे, दारात उभे होते. ते मूळचे साक्रीकडचे. विश्वेश्वरय्यांनी नोकरी लागली त्याच वर्षी, १८८४ साली, दातर्तीला पांझरा नदीवर सायफन, म्हणजे पाणी नदीपलीकडे नेणारा पाइप, बांधला, ही गोष्ट मी लग्नानंतर पंधरा वेळा ऐकली आहे, म्हणून पाण्याच्या विषयात ते कुणालाही मोकळं सोडत नाहीत. म्हणाले, "टूब पानीमा टाकी दख ना माय. बुडबुडा येतस का नही ते." पंक्चरवाला करतो तेच! विज्ञानाच्या बाईंना हे सुचलं नाही, आणि त्यांनी ते मला बोलून दाखवलं नाही, एवढी त्यांची कृपा.

पाइप एका टोकाला बोटाने दाबला, बादलीत बुडवला, दुसऱ्या टोकाने हलकेच फुंकलं. मधोमध एकामागून एक मोहरीएवढे बुडबुडे. पाइप बाहेर काढून वाकवला तेव्हा दिसली ती चीर, केसाएवढी. पाइप धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती. टब दांड्यांवर टांगलेला, पिळताना गदागदा हलतो, तेव्हा सुटा पाइप पत्र्याच्या कोपऱ्यावर घासत होता. गरम दिवसात रबर मऊ, त्यात पत्रा धारदार.

घाईने इन्सुलेशन टेप गुंडाळली. एक धुणं नीट झालं, दुसऱ्याला परत तेच. चिकट टेप हवा अडवत नाही. मग स्पेअर पार्टच्या दुकानात जुना पाइप दाखवून त्याच आतल्या व्यासाचा, घट्ट बसणारा नवा घेतला. दुकानदाराने आधी मत्स्यपेटीचा पारदर्शक पाइप पुढे केला. स्वस्त होता, पण भिंती पातळ, वाकला की दुमडतो, म्हणून नको म्हटलं. क्लिपऐवजी दोन केबल टाय लावले, पत्र्याच्या कोपऱ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. सगळे मिळून एकशे दहा रुपये.

मशीन भरलं, टेपच्या रेषेवर थांबलं. वीस मिनिटं पॉझ, परत चालू, खळखळ नाही. त्या मेकॅनिकचा चार दिवसांनी फोन आला, बोर्ड मागवू का विचारायला. टेपची पट्टी मी काढली नाही. दर धुण्याला नाना झाकण वर करून रेषा बघतात, आणि मशीन थांबलं की मला आत हाक मारून सांगतात, "थांबनं."