जुन्या लेथच्या सुट्या भागांसाठी: अमळनेर, धुळे, जळगाव, भुसावळ

आमच्या अमळनेरच्या वर्कशॉपमध्ये वडिलांनी घेतलेला सहा फुटी बेडचा, कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीचा) बटाला लेथ, म्हणजे पंजाबातील बटाल्यात बनलेले धातू कातण्याचे यंत्र, आजही रोज चालतो. गेल्या ज्येष्ठात त्याच्या ४० दाती चेंज गियरचे (आट्यांचे माप बदलण्यासाठी बदलायच्या गियरचे) तीन दात एकाच वेळी उडाले. हाफ नटचे (दोन अर्ध्यांच्या नटचे) आटे त्याआधीच इतके झिजले होते की लीड स्क्रूवर, म्हणजे टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर, त्याची पकड बसत नव्हती. साधे टर्निंग चालू राहिले, पण आटे पाडण्याचे काम पूर्ण थांबले आणि पंपाचे शाफ्ट घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना परत पाठवावे लागले. म्हणून आषाढात, कामे थोडी मंदावल्यावर, मी भाग शोधायला बाहेर पडलो. ज्यांच्याकडे असाच जुना लेथ आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

निघताना तुटलेला गियर, त्याच्याशी जुळणारा शाबूत गियर, हाफ नटचे दोन्ही अर्धे आणि गोणपाटात गुंडाळलेला लीड स्क्रू असे सगळे बरोबर घेतले. एवढे ओझे कशाला, असे घरच्यांना वाटले. पण पुढे यातील एकही वस्तू अनावश्यक ठरली नाही. केवळ फोटो दाखवून किंवा 'बटाला सहा फुटी' एवढे सांगून भाग मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये, कारण बटाल्यात अनेक लहान-मोठ्या कारखान्यांनी लेथ बनवले आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन लेथचे गियर एकमेकांना लागतीलच असे नाही.

पहिला मुक्काम धुळे. भंगाराच्या एका दुकानात शिरताच म्हाताऱ्या मालकांनी अहिराणीत विचारले, "नमुना लयना का भाऊ?" नमुना हातात देताच त्यांनी गियरची एक पेटीच समोर ओतली. तिच्यात बरोबर ४० दातांचा एक गियर होता, रुंदीही तेवढीच होती, आणि मी तो जवळजवळ घेतलाच होता. व्हर्नियर लावला तेव्हा बाहेरचा व्यास ७३.५ मिलिमीटर भरला. माझ्या गियरचा व्यास ७६.२, म्हणजे बरोबर तीन इंच.

हा फरक नीट समजून घ्यावा. जुन्या लेथचे गियर बहुधा डीपीत (डायमेट्रल पिच, दातांच्या आकाराचे इंची माप) असतात, नव्या मेट्रिक लेथचे मॉड्यूलमध्ये (तेच मिलिमीटरमध्ये). दातांच्या संख्येत दोन मिळवून त्या बेरजेला इंचातील बाहेरच्या व्यासाने भागले की डीपी मिळतो: ४२ भागिले ३, म्हणजे १४ डीपी. मॉड्यूल काढताना उलट करायचे, मिलिमीटरमधील व्यासाला त्याच बेरजेने भागायचे: ७३.५ भागिले ४२, म्हणजे १.७५. हे दोन गियर एकमेकांत अडकतात, फिरतातही, पण खडखडतात आणि एकमेकांचे दात खातात. शाबूत गियर जवळ असल्यामुळे दोन्ही हातांत धरून फिरवताच ही कुरकुर तिथेच जाणवली.

त्याच पेटीच्या तळाशी मात्र मला १२७ दातांचा एक गियर सापडला. दात मी दोनदा मोजले. व्यास २३४ मिलिमीटर भरला, म्हणजे हाही १४ डीपी. आमच्या लेथचा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि २५.४ ची पाचपट १२७, त्यामुळे हा गियर असल्याशिवाय अशा लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पडत नाहीत. वडिलांना तो कधी मिळाला नव्हता. मालकांनी तो किलोच्या भावाने दिला. बोअर (मधले भोक) मोठा होता, पण बुश (आत बसणारी नळी) घालता येतो. भंगारात असा गियर दिसला तर सोडू नका. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे साध्या डिव्हायडिंग हेडवर (वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या साधनावर) तिची विभागणी बसत नाही आणि नवा करून घेणे महागात पडते.

४० दाती गियर जळगावच्या औद्योगिक वसाहतीत करून घेतला. पहिल्या खेपेला अर्धे शेड बंद होते, कारण साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे मी गृहीत धरले होते; आधी फोन करून जावे. गियर कापणाऱ्या मिस्त्रींसाठी हे काम अगदी सोपे निघाले. डिव्हायडिंग हेडचे प्रमाण चाळीसास एक असते, त्यामुळे ४० दातांसाठी दर दाताला हँडलचा एक पूर्ण फेरा. कटर १४ डीपीचा तीन नंबर, जो ३५ ते ५४ दातांसाठी चालतो. फक्त प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कोन) तपासायला सांगा: जुन्या गियरचा बहुधा साडेचौदा अंशांचा असतो आणि दुकानातले कटर बऱ्याचदा वीसचे असतात. जुना गियर बिडाचा होता, नवा ईएन ८ पोलादाचा केला आणि मुद्दाम हार्ड करून घेतला नाही, कारण उद्या काही अडकलेच तर हेडस्टॉकमधल्या (चक फिरवणाऱ्या मुख्य पेटीतल्या) गियरऐवजी हा तुटलेला परवडतो.

जळगावलाच एका दुकानात 'तयार' हाफ नट मिळाला. लीड स्क्रू बांधलेलाच होता, संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून ताडून न पाहता पैसे दिले. दुसऱ्या दिवशी भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका टर्नरकाकांनी स्क्रूवर स्टीलची पट्टी ठेवली आणि दहा आटे मोजले: ६३.५ मिलिमीटर. मग हाफ नटवर सहाच आटे होते ते मोजून म्हणाले, "हा सहा मिलिमीटर पिचचा आहे, म्हणजे दोन आट्यांत सहा मिलिमीटर अंतर. दहा आट्यांना साठच भरतील." दुकानदाराने तो परत घेतला नाही. पट्टीचे हे मोजमाप दुकानातच दोन मिनिटांत होते, तेव्हा पैसे देण्याआधी ते अवश्य करा.

काकांनीच नवा हाफ नट करून दिला, आणि ती रीत मी पाहत बसलो. गनमेटलच्या (एक प्रकारच्या काशाच्या) दोन तुकड्यांचे तोंड सपाट करून ते कथलाचा डाग देऊन जोडले, मधोमध बोअर केला, २९ अंशांच्या टूलने अ‍ॅक्मे (तिरप्या बाजूंचे, सपाट माथ्याचे) आटे पाडले आणि शेवटी गरम करून दोन्ही अर्धे सुटे केले. टूल घासताना त्यांनी माप लीड स्क्रूच्या टेलस्टॉककडील (चकच्या विरुद्ध) टोकावरून घेतले, कारण चककडील आटे रोजच्या वापराने पातळ होतात. पाठीमागच्या सरकखाचेचे माप घ्यायला जुना नट लागतो, म्हणून तो कितीही झिजलेला असला तरी फेकू नये. आठ दिवसांनी नट घ्यायला पुन्हा गेलो. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी अमळनेरहून सोयीची पडते आणि जड सामानाला एसटीपेक्षा बरी.

वेळेबद्दल एक सूचना. दिवाळीच्या आधी जिनिंगच्या दुरुस्त्यांमुळे आपल्याकडच्या वर्कशॉपना उसंत नसते आणि चैत्र-वैशाखात पंपांची कामे तुंबतात. पेरण्या आटोपल्यावर गेलात तर माणूस शेजारी बसवून काम दाखवतो.

घरी आल्यावर ४० चा गियर स्टडवर (हेडस्टॉककडून फिरणाऱ्या दांड्यावर), १२७ चा लीड स्क्रूवर आणि मध्ये आयडलर (फक्त जोडणारा गियर) लावून पहिले आटे पाडले. या जोडीने पिच नेमका दोन मिलिमीटर पडतो. मात्र इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना दोन कापांच्या मध्ये हाफ नट उघडायचा नाही. टूल मागे घेऊन मशीन उलटे फिरवूनच सॅडल (टूल वाहून नेणारा भाग) परत आणायचे, नाहीतर पुढचा काप जुन्या आट्यांवर बसत नाही.